स्विफ्टच्या पैशात सुपरचार्ज्ड मर्सिडीज मिळते खरी, पण पाटोद्यात ती रोज चालवणं परवडेल का?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दणक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. एकूण सौदा साधारण ६५ कोटींचा. देशभर बातम्या झाल्या.

आता हिशोब लावा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे त्या ताफ्याची मुदत २०२५ मध्येच संपली. त्या काळातल्या मर्सिडीज आज सेकंड हँड बाजारात नव्या स्विफ्टपेक्षा कमी पैशात दिसतात. त्यातल्या काहींच्या मागे 'कॉम्प्रेसर' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ गाडी सुपरचार्ज्ड आहे. जाहिरात बघून पाटोद्यातल्या एखाद्या पोराचं मन डगमगलं, तर त्यात नवल नाही.

सुपरचार्जर म्हणजे टर्बो नाही का?

नाही. दोघांचं काम एकच, इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं आणि छोटं इंजिन मोठ्यासारखं ओढतं. फरक आहे तो चालवतं कोण यात. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर. सुपरचार्जर फिरतो इंजिनाच्याच पट्ट्यावर. म्हणून सुपरचार्जर पाय ठेवल्या ठेवल्या ओढतो, टर्बोसारखा क्षणभर विचार करत नाही. पण तो फिरवायची ताकद इंजिनाकडूनच घेतो, त्यामुळे पेट्रोल जास्त जातं.

भारतात सर्वसामान्यांच्या बजेटमध्ये सुपरचार्ज्ड गाडी फारशी आलीच नाही. नेक्सॉन, पोलो जीटी टीएसआय या टर्बो. सुपरचार्जर मिळतो तो जुन्या मर्सिडीजमध्ये, जग्वार आणि रेंज रोव्हरच्या काही मॉडेलमध्ये. त्यात हाताला लागण्यासारखी एकच, सी २०० कॉम्प्रेसर. २००८ नंतरच्या मॉडेलमध्ये १.८ लिटरचं इंजिन आणि १८४ हॉर्सपॉवर. जोडणीही आपल्या पुणे जिल्ह्यातच व्हायची. पुढे २०१० च्या आसपास कंपनीने स्वतःच सुपरचार्जर सोडून टर्बो घेतला. त्यामुळे त्या १५० गाड्यांपैकी प्रत्येक सी-क्लास सुपरचार्ज्ड असेल असं समजू नका. मागे 'सीजीआय' लिहिलेलं असेल तर ती टर्बो.

पाटोद्यात अडचण कुठे येते?

पहिली अडचण, धूळ. सुपरचार्जरच्या आतल्या पात्यांमध्ये अगदी बारीक फट असते. एअर फिल्टर वेळेवर बदलला नाही, की बारीक माती थेट तिथे जाते. शहरातल्या गाडीचा फिल्टर जेवढा चालतो, तेवढा बालाघाटच्या फुफाट्यात चालेल असं धरू नका.

दुसरी, ऊन. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा विरळ असते. ती थंड करायला इंटरकूलर असतो, पण पारा चाळिशीपार असताना त्याचीही दमछाक होते. एप्रिल-मे मध्ये गाडीचा जोर कमी वाटला तर लगेच बिघाड समजू नका.

तिसरी, पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं ई-२० मिळतं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, हे अशा इंजिनाला चांगलंच. पण २००८-०९ ची गाडी ई-२० साठी बनलेलीच नाही, त्यामुळे रबरी पाइप आणि सील तपासत राहावे लागतात. (पाटोद्याची माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि त्याच उसाचं इथेनॉल इथल्या पंपावर परत येतं, हा वेगळाच विषय.)

मायलेज लिटरला दहाच्या आसपास धरून चला. पाटोदा ते बीड जाऊन-येऊन ९०-१०० किलोमीटर होतात. म्हणजे रोज दहा लिटर पेट्रोल, हजार रुपये गेले. आणि या इंजिनाची खरी माहिती असलेला मेकॅनिक हवा असेल तर संभाजीनगर नाहीतर पुणे गाठायचं. गाडी बंद पडून टोइंगवर गेली, तर तेवढ्यातच महिन्याचं गणित कोलमडतं.

तरीही घ्यायचीच असेल तर

इंजिन थंड असतानाच बघायला जा. बोनेटला हात लावा; गरम असेल तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद खडखड आली तर सावध व्हा. या इंजिनाची टायमिंग चेन ताणली जाणं हे जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. चेन सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो. सुपरचार्जरची बारीक शिट्टी मात्र नॉर्मल आहे. खरखर किंवा घासल्यासारखा आवाज नॉर्मल नाही. पट्ट्याला चिरा आहेत का ते बघा आणि स्कॅनर लावल्याशिवाय टोकनही देऊ नका.

कागदांचं म्हणाल तर फॉर्म २९ आणि ३० ट्रान्सफरसाठी, आणि कर्ज असेल तर ते उतरवायला फॉर्म ३५. दिल्लीची गाडी आणखी स्वस्त दिसेल, कारण तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. पण ती एमएच-२३ करताना इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तो सौद्यात आधीच धरा. १५ वर्षं झालेल्या गाडीला आरटीओत तपासणी आणि नव्याने पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन लागतं, वरून पर्यावरण कर. हे काम जुन्या मालकाकडून करून घेतलेलं बरं.

एवढं वाचून झाल्यावर माझं मत विचाराल तर ही गाडी दुसरी म्हणून ठेवायला मस्त, रोजची म्हणून नको. घरात एक भरवशाची गाडी असेल आणि रविवारी सौताड्याच्या धबधब्यापर्यंत चक्कर मारायची असेल, तर बिनधास्त बघा. रोज बीडला जायचं असेल तर त्याच पैशात अलीकडची छोटी टर्बो पेट्रोल घ्या. तिचे पार्ट जिल्ह्यात मिळतील आणि ओव्हरटेकला तीही कमी पडणार नाही.

आणि कोणतीही घ्या, इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही. तेव्हा प्रीमियमचा आकडा नव्याने विचारा.