क्षीरान्नाद : एका विस्मृत संज्ञेचा विचार

भारतीय परंपरेतील बालकाच्या आहाराचा विचार सुरू झाला की अन्नप्राशन संस्काराचा उल्लेख प्रथम होतो. या संस्काराचा काल, विधी व फल यांची चर्चा धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी विस्ताराने केली आहे; महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडातही तिला स्थान मिळाले आहे. परंतु संस्कार हा एका दिवसाचा विधी होय, आणि दुधावरून अन्नावर येणे ही दीड-दोन वर्षे चालणारी प्रक्रिया होय. या दोहोंतील अंतर प्राचीन वैद्यांनी ओळखले होते व मधल्या काळाला त्यांनी स्वतंत्र संज्ञाही दिली होती. मराठीत पहिल्या दिवसाचे नाव रूढ झाले. त्यापुढील काळाचे नाव मात्र व्यवहारात आले नाही. या भाषिक वस्तुस्थितीचा मुलांच्या पोषणाशी काय संबंध पोहोचतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

गृह्यसूत्रांची दृष्टी

आश्वलायन व पारस्कर ही दोन्ही गृह्यसूत्रे अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगतात, आणि मनुस्मृतीही तोच काल मान्य करते. मात्र या ग्रंथांत अन्नाची निवड पोषणाच्या विचाराने झालेली नाही. कोणत्या पदार्थाने कोणते फल मिळते, हा तेथील मुख्य प्रश्न आहे. मुलाला वाक्पटुत्व यावे म्हणून पारस्कर भारद्वाज पक्ष्याचे मांस सांगतो, तर चपळता यावी म्हणून मासा सुचवितो. आश्वलायनाच्या मते तेजाची इच्छा असणाऱ्याने तूप व भात द्यावा. पहिला घास हे येथे भावी आयुष्याचे प्रतीक आहे. दुसऱ्या दिवशी मुलाने काय व किती खावे, हा सूत्रकारांचा विषयच नव्हे.

वैद्यांची दृष्टी

वैद्यकीय संहितांत प्रश्नाचे स्वरूप पालटते. सुश्रुतसंहिताही सहाव्या महिन्यात अन्न सुरू करण्यास सांगते, पण ते अन्न लघु व हितकर असावे, अशी अट घालते. याच संहितेच्या सूत्रस्थानात आहारावरून बालकांचे तीन वर्ग केले आहेत. एक वर्षापर्यंतचे मूल क्षीरप, दोन वर्षांपर्यंतचे क्षीरान्नाद व त्यापुढील अन्नाद होय. सहाव्या महिन्यात अन्न चाखलेले मूलही वर्षापर्यंत क्षीरपच गणले जाते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अन्नप्राशनाने दूध संपत नाही, केवळ अन्नाचा आरंभ होतो, असाच याचा अर्थ होतो.

अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात वाग्भट याहून पुढे जातो. दात आलेल्या मुलाला क्रमाक्रमाने स्तन्यापासून दूर करावे आणि त्याला लघु व बृंहण असे अन्न द्यावे, असे तो सांगतो. या दोन विशेषणांचा एकत्र प्रयोग मार्मिक आहे. लघु म्हणजे पचण्यास हलके. बृंहण म्हणजे अंग भरविणारे. केवळ लघु अन्न पचते पण पोसत नाही. केवळ बृंहण अन्न पोसू शकते, पण लहान मुलाला ते झेपत नाही. वाग्भटाने सुचविलेले मोदक पाहिले म्हणजे हा विचार केवळ शब्दांपुरता नव्हता, हे स्पष्ट होते. चारोळीचा मगज, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांचा मोदक तो सांगतो. लाह्या भाजल्याने हलक्या होतात, तर चारोळीचा मगज स्निग्ध असल्याने थोड्या घासात पुष्कळ पोषण देतो.

संहितांत एकवाक्यता मात्र नाही. नेपाळमध्ये राजगुरू हेमराज शर्मा यांना उपलब्ध झालेल्या हस्तलिखितावरून काश्यपसंहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने प्रसिद्ध केली. तीत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. म्हणजे 'सहावा महिना' हा परंपरेचा एकमुखी निर्णय नव्हता. धान्य केव्हा द्यावे, याविषयी मतभेद होता. आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर धान्यासाठी दहाव्या महिन्यापर्यंत थांबणे समर्थनीय ठरत नाही, कारण सहा महिन्यांनंतर केवळ आईच्या दुधातून ऊर्जेची व लोहाची गरज भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सहा महिने निव्वळ स्तनपान व त्यानंतर स्तनपानासह इतर अन्न अशी शिफारस केली.

मराठीतील शब्द

अन्नप्राशनाला मराठीत 'उष्टावण' म्हणतात. मामाच्या मांडीवर बसवून बाळाला खीर चाटविण्याची रीत अनेक घरांत आहे. या शब्दाचे मूळ 'उच्छिष्ट'कडे जाते. मुष्टि-मूठ, दृष्टि-दिठी, अंगुष्ठ-अंगठा या जोड्यांत मूळ जोडाक्षराच्या जागी ठकार आलेला दिसतो; 'उष्टे' या शब्दात मात्र ष्ट टिकून आहे. सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारातील या शब्दावर संस्कृताची पकड अधिक राहिली असावी, असे अनुमान करता येते. अर्थाच्या दृष्टीने पाहता, उष्टावणात महत्त्व आहे ते तोंड प्रथम उष्टे होण्याला. पोट भरण्याला नव्हे.

यापुढील काळासाठी मराठी बोलीत जे शब्द आहेत ते बहुधा मुलाच्या हालचालीवरून आले आहेत : रांगते, पावले टाकणारे, दुडदुडणारे. आहारापुरते पाहता तान्हे मूल 'अंगावर पिते', आणि पुढे त्याचे दूध 'तोडतात'. वाग्भटाच्या क्रमिक अपनयनाशेजारी हे 'तोडणे' ठेवले की फरक जाणवतो. बोलीतील क्रियापद घटनेचे आहे, क्रमाचे नव्हे. क्षीर आणि अन्न या दोहोंना एका पदात बांधणारा 'क्षीरान्नाद' असा शब्द बोलीत रूढ नाही. अलीकडच्या काळात 'पूरक आहार' ही संज्ञा प्रचारात आली; पण तीच संज्ञा स्तनपानाच्या जोडीने अत्यावश्यक असणाऱ्या घरच्या अन्नालाही लावली जाते आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मिळणाऱ्या जादा आहारालाही. पहिले अपरिहार्य आहे, दुसरे भर घालणारे आहे. एकाच शब्दाने दोन्ही सांगितल्यास पहिल्यालाही ऐच्छिकपणाची छटा येण्याचा धोका संभवतो.

मधल्या काळातील रोग

हा धोका केवळ शब्दांचा नव्हे, हे रोगांच्या वर्णनांवरून कळून येते. काश्यपसंहितेत फक्क नावाचा रोग वर्णिला आहे. वर्षाचे होऊनही मूल पायांनी चालत नसेल तर त्याला फक्क म्हणावे, असे लक्षण देऊन त्याचे दूध, गर्भ व व्याधी असे तीन हेतू सांगितले आहेत. अशा मुलास चालण्याचा सराव व्हावा म्हणून तीन चाकांच्या गाड्याचीही योजना आहे. माधवनिदानात पारिगर्भिक हा रोग येतो. आई पुन्हा गर्भवती असता तिचेच दूध पीत राहिलेले मूल कृश होते, त्याचा अग्नी मंदावतो, अन्नावरील वासना जाते व पोट वाढते, असे त्याचे वर्णन आहे.

आफ्रिकेच्या सुवर्णकिनाऱ्यावर, म्हणजे आजच्या घानात, काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली एका बालरोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली त्याला स्थानिक गा भाषेतील 'क्वाशिओरकोर' हे नाव दिले. पाठचे भावंड आले असता आधीच्या मुलाला होणारा रोग, असा त्या नावाचा आशय होता. पारिगर्भिक व क्वाशिओरकोर एकच होत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दोन्ही वर्णनांची चौकट भिन्न आहे. परंतु परस्परांशी संबंध नसलेल्या दोन समाजांनी रोगाचे नाव आईच्या पुढच्या गरोदरपणाशी वा बाळंतपणाशी जोडावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मूल नेमके कोणत्या वळणावर हातचे जाते, हे दोघांच्याही ध्यानात आले होते.

घास भरविण्याची रीत

काय द्यावे याइतकाच कसे द्यावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात याविषयी एक विलक्षण सूचना आढळते. मूल रडत असेल, जेवत नसेल किंवा ऐकत नसेल, तर राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे तेथे बजावले आहे. निषेध करावा लागला, यावरून ती रीत त्या काळी प्रचलित असावी, असे मानण्यास हरकत नाही. मराठी घरांत बागुलबुवा आणि काऊ-चिऊच्या नावाचे घास या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. चरकाचा कौल कोणत्या बाजूला पडला असता, हे सांगावयास नको. मुलाला बळजबरी न करता, धीराने व त्याच्याशी बोलत भरवावे, असेच आजचे आहारशास्त्रही सांगते.

उपसंहार

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे, आईचे दूध सर्वसाधारण प्रमाणात मिळणाऱ्या मुलाला सहा ते आठ महिन्यांत दररोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षी ५५० कॅलरी इतर अन्नातून मिळाव्या लागतात. मुलाचे जठर लहान. त्यात पातळ पेज भरली तर पोट फुगते, पण ही गरज भागत नाही. पेज लघु असली तरी बृंहण नव्हे. मऊ भातात दाट वरण व तूप कालवणे, किंवा मोड आणून वाळविलेल्या नाचणीचे पीठ वापरणे, ही बृंहणाची घरगुती रूपे होत. मोड आल्याने पिष्टाचे विघटन होते व शिजविलेली खीर फार दाट न होता अधिक पीठ सामावून घेते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या भारतीय बालकांपैकी सुमारे ११ टक्के बालकांनाच पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. ही पाहणी ज्या वयोगटाची आहे तो बहुतांशी सुश्रुताच्या क्षीरान्नादाचाच होय. दारिद्र्य, आईच्या श्रमाचे ओझे व महागाई ही या स्थितीची मोठी कारणे आहेत; केवळ शब्दाने ती दूर होणार नाहीत. तथापि ज्या अवस्थेला नाव नसते ती सहज नजरेआड होते. उष्टावणाच्या दिवशी सारे घर बाळाभोवती जमते. खरी परीक्षा त्यानंतरच्या पाचशे दिवसांची असते, आणि त्या दिवसांत वाटीत काय पडते यावर मुलाची वाढ अवलंबून राहते. जुन्या वैद्यांनी या काळाला दिलेले नाव पुन्हा अभ्यासाच्या व शिक्षणाच्या परिभाषेत आणणे, एवढे तरी भाषेच्या अभ्यासकांना करता येण्याजोगे आहे.