वैमानिक हवामान अहवाल (पायरेप)
उड्डाणात प्रत्यक्ष अनुभवलेल्या हवामानाची वैमानिकाने बहुधा रेडिओवरून जमिनीवरील केंद्राला दिलेली माहिती. ‘पायरेप’ हे नाव अमेरिकेत रूढ आहे. तेथील ठरावीक नमुन्यात ठिकाण, जागतिक प्रमाणवेळ, उंची यांबरोबर विमानाचा प्रकारही नोंदवतात, कारण सेसना १७२ सारख्या छोट्या विमानाला हादरवणारा हिसका बोइंग ७७७ सारख्या अवजड विमानाला जेमतेम जाणवतो. पुढे ढगांचे थर, तापमान, वारा, हवेतील खळबळ, विमानावर साचणारा बर्फ. नेहमीच्या अहवालाचा संकेत ‘यूए’. गारा, ज्वालामुखीची राख, तीव्र खळबळ वा तीव्र हिमसंचय असल्यास तातडीचा ‘यूयूए’. हवामान रडार पाऊस टिपते. निरभ्र आकाशातील खळबळ त्याला सहसा दिसत नाही. तिची पक्की खबर पुष्कळदा आधी तिथून गेलेल्या विमानाकडूनच मिळते. म्हणून ‘हवा शांत आहे’ एवढा अहवालही मोलाचा असतो. पूर्वानुमान चुकले असल्यास हवामानतज्ज्ञ त्यावरून ते सुधारतात.