साताऱ्याची आमरी आणि सांगलीचा उन्हाळा

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी मजकूर. बसमध्ये रेंज जाते, ऑफिसात हेडफोन लावले की बॉस बघतो, अशा सगळ्यांसाठी. बोलताना जे घाईत सुटलं ते इथे भरून काढलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऑर्किड. म्हणजे लग्नाच्या स्टेजवर लावतात ती जांभळी-पांढरी फुलं. कुणीतरी हौसेने कुंडी आणतं, महिनाभर फुलं टिकतात, स्टेटसला फोटो पडतात, आणि मग झाड हळूहळू सुकतं किंवा बुडातून कुजतं. त्यावर ठरलेलं उत्तर: "आपल्याकडे गरम होतं हो, इथे नाही जगत ते." सांगली-मिरजेत हे वाक्य फारच ऐकू येतं. आता गंमत ऐका. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हीच झाडं हजारोंनी मेली, आणि मारणाऱ्यांची समजूत बरोबर उलटी होती. त्यांना वाटायचं की या झाडांना हवी तेवढी उष्णता मिळतच नाही.

त्या गोष्टीत एक मोठं नाव आहे जॉन लिंडली. ऑर्किडच्या शास्त्राचा पायाच या माणसाने घातला असं म्हटलं तरी चालेल. 1830 मध्ये त्यांनी लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे झाडांवर वाढणारी ऑर्किड कशी सांभाळावीत यावर निबंध वाचला. सल्ला असा: भरपूर उष्णता, भरपूर दमटपणा, गडद सावली. लोकांनी तो शब्दशः पाळला. ज्या काचघरात ही झाडं ठेवायची त्याला इंग्रज माळी चक्क 'स्टोव्ह' म्हणायचे. आत कोळशाची धग, बंद खिडक्या, गरम नळ्यांवर पाणी मारून केलेली वाफ. डोंगरमाथ्यावरच्या गार धुक्यातून आणलेलं झाड आणि समुद्रकाठच्या खारट वाऱ्यातलं झाड, दोन्ही एकाच खोलीत. कारण काय, तर दोन्ही 'उष्ण कटिबंधातली'. एका शब्दावर विश्वास ठेवला आणि महिनोन्‌महिने जहाजात जगलेली झाडं लंडनला येऊन उकडून मेली.

आता यात आपला धागा कुठे येतो? त्याच 1830 साली लिंडली यांनी एका छोट्या पांढऱ्या ऑर्किडचं शास्त्रीय नाव प्रसिद्ध केलं: डेंड्रोबियम बार्बॅट्युलम. हे आपल्या सह्याद्रीचं झाड. पावसाळ्यात झाडाच्या फांदीवर याच्या कांड्या वाढतात, पानं येतात. पाऊस थांबला की पानं पिवळी होऊन गळतात आणि उरतात नुसत्या वाळक्या काड्या. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. मग हिवाळा सरता सरता त्याच काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस येतात. म्हणजे या झाडाला फुलण्याआधी चार महिने कोरडी हवा, गार रात्री आणि भरपूर उजेड लागतो. लिंडलींच्या टेबलावर वाळवलेला नमुना होता. पाकळी, परागकण, देठ, सगळं त्यांनी अचूक टिपलं. पण वाळक्या नमुन्याला "तुझ्याकडे डिसेंबरात काय हवा असते रे?" असं विचारता येत नाही ना!

पुढे जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने हा घोळ बऱ्यापैकी निस्तरला. चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेत तो मुख्य माळी होता (1851 चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारणारा तोच). त्याने आपला मदतनीस जॉन गिब्सनला 1835 मध्ये भारतात पाठवलं. गिब्सन कलकत्त्याहून खासी टेकड्यांत गेला आणि 1837 मध्ये ऑर्किडचा मोठा साठा घेऊन परतला. पॅक्स्टनने तापमान उतरवलं, खिडक्या उघडल्या, जमीन ओली ठेवली पण झाडांभोवती हवा खेळती ठेवली, आणि वेगवेगळ्या हवामानाच्या झाडांना वेगळ्या खोल्या दिल्या. झाडं जगायला लागली. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांना एकच डिफॉल्ट सेटिंग लावणं त्याने बंद केलं.

इथे एक नामसाधर्म्य सांभाळा. त्याच काळात आपल्याकडे दुसरा एक गिब्सन होता, डॉ. अलेक्झांडर गिब्सन. दोघांचा गोंधळ होतो. हा डॉक्टर 1838 पासून पुण्याजवळच्या दापुरीच्या, म्हणजे आजच्या दापोडीच्या, सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. ते उद्यान गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात सुरू झालं. हेच ते माल्कम, ज्यांनी 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वर घेतलं. इंग्रजांना उन्हापासून पळायला गार डोंगर हवा होता. थोडक्यात, साहेबाला स्वतःपुरतं बरोबर कळलेलं होतं की भारत म्हणजे सगळीकडे सारखी भट्टी नाही. झाडांच्या बाबतीत मात्र लंडनला ते कळायला वेळ लागला.

डॉ. गिब्सन यांनी दापुरीत एका भारतीय चित्रकाराकडून 1847 ते 1850 या काळात झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कागदोपत्री राहिलं नाही, आणि हे मला खरंच टोचतं. पानाच्या शिरा मोजता येतील असं काम करणारा माणूस, त्याचं साधं नाव नाही. 1861 मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' आला. मग कूक, गॅमी अशी मंडळी आली, याद्या वाढत गेल्या. तो भाग पळत पळत घेऊ.

थांबायचं ते फादर सांतापाव यांच्यापाशी. हर्मेनेगिल्ड सांतापाव, मूळचे स्पेनचे जेझुइट पाद्री, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. भारताचं नागरिकत्व घेतलं, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. त्यांनी आणि कापडिया यांनी मिळून पश्चिम घाटातल्या ऑर्किडवर काम केलं, 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक 1966 मध्ये आलं. या जोडीने नाव दिलेली एक जमिनीवरची आमरी आहे, हॅबेनेरिया पंचगणिएन्सिस. बरोबर ओळखलंत, आपली पाचगणी! टेबल लँडवर घोड्यावर बसून फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की गावाचं नाव एका ऑर्किडला आहे?

'आमरी' हा मराठी शब्द मी मुद्दाम वापरतोय. ऑर्किडला आपल्याकडे आधीपासून नावं आहेत. जूनच्या तोंडावर आंब्या-जांभळाच्या जुन्या खोडावरून गुलाबी ठिपक्यांचा लांब गजरा लोंबतो, ती सीतेची वेणी. आसामात हेच फूल बिहूला केसात माळतात. कासच्या बाजूला मोठं पांढरं फूल येतं, तो वाघचौरा. आणि 'वँडा' हे जे आता महागडं इंग्रजी नाव वाटतं, ते विल्यम जोन्स यांनी संस्कृतातल्या 'वंदा' वरून घेतलेलं आहे. म्हणजे आपलाच शब्द लॅटिनचा कोट घालून नर्सरीच्या लेबलवर परत आलाय.

आता जरा नकाशा बघा. सांगली जिल्हा 1949 मध्ये साताऱ्यातून वेगळा निघाला, तेव्हा नाव होतं दक्षिण सातारा. 1960 मध्ये सांगली झालं. या दोन जिल्ह्यांच्या पट्ट्यात एकीकडे महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि दुसरीकडे जत-आटपाडी, जिथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं जंगल, तर तासगावच्या पूर्वेला उन्हाने भाजलेलं माळरान. त्यामुळे "आपल्याकडे ऑर्किड होतं का?" हा प्रश्नच चुकीचा विचारलाय. कुठलं ऑर्किड, कुणाच्या गॅलरीत, कुठल्या महिन्यात, असं विचारायला हवं.

आणि उत्तर देणारे लोक जिल्ह्यातच आहेत. आटपाडीच्या डाळिंबवाल्याला विचारा, बहार कसा धरतात. तो सांगेल: आधी ताण द्यायचा. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. सह्याद्रीतलं ते पांढरं डेंड्रोबियम निसर्गात नेमकं हेच करतं! लंडनच्या माळ्याला जे कळायला कित्येक वर्षं लागली, ते आपल्या शेतकऱ्याला 'ताण' या एका शब्दात माहीत आहे. फक्त कुंडीतल्या झाडाकडे बघताना आपण तो शब्द विसरतो आणि रोज चहाबरोबर पाणी घालतो.

नर्सरीतलं सगळ्यात खपणारं ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस, त्या मोठ्या पतंगासारख्या फुलांचं. त्याची पानं उन्हाळ्यातही छान वाढतात, पण फुलाचा दांडा यायला काही आठवडे गारवा लागतो. सतत 28 अंशांच्या वर राहिलं तर ते नुसती पानंच काढत बसतं. म्हणून नोव्हेंबरपासून त्याला बंद हॉलमधून उचलून गॅलरीत ठेवा, रात्रीची गार हवा लागू द्या. पारा 15 च्या खाली जायला लागला की आत घ्या. साताऱ्याची आणि सांगलीची थंडी या कामाला पुरते. उलट स्टेजवरची ती डेंड्रोबियमची संकरित जात आणि वँडा यांना उष्णता चालते, त्यांना उजेड कमी पडला की ती रुसतात. सांगलीत पहिलं झाड घ्यायचं तर मी यातलंच घेईन. अर्ध ऊन अडवणारी शेडनेट, खाली ओली वाळू किंवा खडी, आणि वारा खेळता.

झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडची मुळं मातीतली नाहीत हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. मुळावर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. ते भिजलं की हिरवट दिसतं, सुकलं की परत पांढरं. हाच तुमचा इंडिकेटर. पांढरं झालं की पाणी द्या, हिरवं असेल तर हात आवरा. कुंडीत माती नको. कोळसा, विटेचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे. पाणी सकाळी. यातली बरीच झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि हवा रात्री घेतात, म्हणून रात्र उकाड्याची गेली तर दिवसाच्या उन्हापेक्षा ती जास्त बाधते. खत म्हणजे द्राक्षबागेतलं एकोणीस-एकोणीस-एकोणीसच, पण लिटरला अर्धा ग्रॅम. बागेचा डोस इथे देऊ नका. आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी वापरत असाल तर मुळांची टोकं काळी पडतील. पावसाचं पाणी साठवा.

आता ही झाडं इतकी स्वस्त कशी झाली ते थोडक्यात. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठाच नसतो. रुजायला मातीतल्या किंवा सालीवरच्या बुरशीची मदत लागते. हे 1899 मध्ये नोएल बर्नार्ड या फ्रेंच तरुणाच्या लक्षात आलं. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी दाखवलं की बाटलीत साखर दिली तर बुरशीशिवायही बी रुजतं. 1960 मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून एकाची असंख्य झाडं करायची वाट उघडली. तुमच्या टेबलावरचं फॅलेनॉप्सिस जवळजवळ नक्की बाटलीत जन्मलेलं आहे.

कासच्या पठारावरची आमरी तशी नाही. जांभा खडकावरच्या बोटभर मातीत तिचा कंद वर्षातले सात-आठ महिने झोपलेला असतो, आणि त्या मातीतल्या बुरशीशी तिचा संसार असतो. ती उपटून पिशवीत घातली की तो संसार मोडला. तुमच्या कुंडीत ती एक हंगाम कदाचित दिसेल, मग संपेल. त्यामुळे घाटरस्त्याला कुणी मुळासकट जंगली ऑर्किड विकत असेल तर "मी वाचवतो तिला" असं म्हणून घेऊ नका. राखीव जंगलातून ती काढणं गुन्हा आहेच, वर दुसऱ्या दिवशी तो विकणारा परत फांदी सोलायला जातो.

सीतेची वेणी वाचते ती जुन्या झाडांवर. नवीन लावलेल्या गुळगुळीत रोपावर ती बसत नाही. भेगाळलेली, शेवाळलेली, पन्नास पावसाळे पाहिलेली साल लागते. 2020 मध्ये मिरज तालुक्यात भोसे गावात यल्लम्मा मंदिराजवळचा सुमारे चारशे वर्षांचा वड महामार्गाच्या आखणीत येत होता. लोकांनी आवाज उठवला आणि रस्ता वळवला गेला. रस्ता रुंदीकरणात असे वड, आंबे, जांभळं किती गेली आणि त्यांच्याबरोबर फांद्यांवरचं काय काय गेलं, याची मोजणी कुणाच्या प्रकल्प अहवालात मी तरी पाहिली नाही. अहवालात लिहितात 'झाडे: अमुक इतकी'. वडाच्या अंगावरचं वड म्हणूनच मोजलं जातं.

तर मे महिन्याच्या शेवटी गावी जाणार असाल तर आजोळच्या परड्यातल्या जुन्या आंब्याकडे एकदा मान वर करून बघा. दुबेळक्यात जाड चामडी पानांचा झुबका दिसला तर फोटो पाठवा, जागेचं लोकेशन मात्र टाकू नका. पुढच्या एपिसोडमध्ये महाबळेश्वरचे चिनी कैदी आणि त्यांनी लावलेली स्ट्रॉबेरी. भेटू!