पान कोणते, फांदी कोणती?

वनस्पतीशास्त्रातल्या वर्णनाच्या परिभाषेचे दिवस भरले, असे हल्ली सर्रास ऐकू येते. असे म्हणणाऱ्यांत हौशी निसर्गप्रेमी आहेत, शिक्षक आहेत, डीएनएवर काम करणारे संशोधकही आहेत. त्यांचा पूर्वपक्ष असा: छद, उपपर्ण, कक्षास्थ, संयुक्त पर्ण, कणिश, स्तबक हे शब्द कॅमेऱ्यापूर्वीच्या काळातले. १७५१ साली लिनियसने ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त ही परिभाषा शिस्तीने बांधली, तेव्हा चित्र छापणे खर्चाचे काम होते आणि दूरच्या अभ्यासकाला झाड कळवायचे तर भिस्त शब्दांवरच होती. आज पानासमोर फोन धरला की नाव मिळते. शंका उरलीच तर डीएनए आहे. मग मुलांनी हे शब्द घोकायचे कशासाठी?

यात तथ्य आहे तेवढे आधी मान्य करू. पानांच्या आकारांची लांबलचक यादी झाड न दाखवता पाठ करून घेणे हा शिक्षणातला खरोखरच दोष आहे. अंडाकृती पान कुठे संपते आणि लंबगोल कुठे सुरू होते, याची रेघ निसर्गाने आखलेली नाही. एकाच फांदीवर दोन्ही सापडतात. फोनमुळे असंख्य लोक झाडांकडे वळले, हेही चांगलेच झाले. पण एवढ्यावरून सगळी परिभाषा म्हणजे छायाचित्राची जुनी बदली, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. परिभाषेतले सर्वांत मोलाचे शब्द अवयव दिसतो कसा हे सांगण्यासाठी नाहीतच. तो झाडावर कुठे उगवला आणि कशापासून बनला, हे ते सांगतात.

आवळ्याची आणि चिंचेची एकेक डहाळी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना बारीक पाने ओळीने लागलेली. फोटोत दोन्ही ‘पिसासारखी’. चिंचेची ती अख्खी काडी म्हणजे एकच संयुक्त पान आणि तिच्यावरच्या बारीक पात्या त्याच्या पर्णिका. आवळ्याची काडी मात्र फांदी आहे आणि तिच्यावरचे प्रत्येक बारीक पान हे स्वतंत्र, पूर्ण पान आहे. पुरावा काडीवरच असतो. आवळ्याच्या बारीक पानांच्या बगलेत फुले येतात आणि आवळेही तिथेच धरतात. चिंचेच्या पर्णिकेच्या बगलेत कळी कधीच येत नाही. कळी येते ती अख्ख्या पानाच्या देठाच्या बगलेत. आवळ्याची ही काडी पानासारखी गळूनही पडते, त्यामुळे फसगत आणखी वाढते. ‘कक्षास्थ’, म्हणजे बगलेतले, ही कल्पना मनात असेल तरच माणूस त्या बगलेत डोकावतो, आणि डोकावल्यावरच कळते की पान कोणते नि फांदी कोणती.

काट्यांचेही तेच. गुलाबाचा काटा सालीच्या बाह्य थरांतून उगवतो, म्हणून बाजूने दाबला की खोडाच्या लाकडाला न दुखवता सुटतो. बोगनवेलीचा काटा पानाच्या बगलेतून निघतो; ती फांदीच आहे. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने असतात. ती उपपर्णे आहेत. फड्या निवडुंगाचे काटे ही पाने आहेत. बोचतात सगळे सारखेच, पण चौघांचा जन्म चार ठिकाणचा.

‘यात व्यवहाराचे काय?’ असा आक्षेप येतो. त्याचे उत्तर नाशिकच्या द्राक्षबागेत आहे. वेलीची बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, पानाच्या समोरच्या बाजूला येते आणि घडही तिथेच येतो. हा योगायोग नव्हे. दोन्ही एकाच प्रकारच्या अंकुरापासून घडतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत हा अंकुर तयार होत असताना ऊन, अन्नसाठा आणि संप्रेरकांचा तोल जमला तर त्याचा घड होतो, बिघडला तर बाळी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडाच्या जागी बाळ्या निघाल्या, तर बागाईतदार उन्हाळ्यातल्या काडीच्या निगराणीत कारण शोधतो. वाटाण्याच्या वेलीलाही अशाच बाळ्या असतात, पण त्या पर्णिकांच्या बनलेल्या; त्यांच्या जागी शेंग येण्याची आशाच नको. छायाचित्रात दोन्ही गुंडाळलेले दोरेच दिसतील. संत्र्याचे कलम करणारा कारागीर डोळा काढतो तोही पानाच्या देठाच्या बगलेतूनच. परिभाषा पुस्तकी असेल, पण ती ज्याविषयी बोलते ते ज्ञान त्याच्या चाकूच्या टोकावर रोज असते.

आता डीएनएचा मुद्दा. २००९ साली वनस्पतींचा ‘बारकोड’ म्हणून दोन जनुके सुचवली गेली, तेव्हा त्यांच्या आधारे प्रजातीपर्यंत ओळख पटण्याचे प्रमाण ७२ टक्के होते. पद्धती पुढे सुधारल्या आणि सुधारतीलही. माझा आक्षेप त्यावर नाही. डीएनएची ओळ स्वतःहून नाव सांगत नाही. संग्रहातल्या एखाद्या वाळवलेल्या नमुन्याच्या ओळीशी ती जुळवावी लागते, आणि त्या नमुन्याला नाव दिलेले असते ते कोणीतरी फूल उकलून, किंजपुट कापून, छद तपासून. फोनलाही माणसांनी आधी ओळखून ठेवलेल्या चित्रांवरच शिकवलेले आहे. परिभाषा मोडीत काढून या साधनांवर विसंबणे म्हणजे पाया काढून माडी राखणे.

शिवाय कित्येक खुणा फोटोच्या आवाक्यात येतच नाहीत. कासच्या पठारावरचे गेंद दुरून पांढऱ्या गुंड्यांसारखे दिसतात. त्यांच्या प्रजाती वेगळ्या करायच्या तर गुंडीतली सूक्ष्म फुले आणि बियांचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा लागतो. औषधात तर चूक महागात पडते. सीता अशोकाच्या सालीत रस्त्याकडेच्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. झाडापाशी उभे राहिल्यास निवाडा सोपा आहे: खऱ्याचे पान संयुक्त, खोट्याचे साधे आणि कडेला नागमोडी.

सर्वांत मोठे कारण काळाचे आहे. बाभळीचे शास्त्रीय नाव अकेशिया अरेबिका होते, मग अकेशिया निलोटिका झाले, आता व्हॅचेलिया निलोटिका आहे. तिच्या काट्यांची जागा मात्र होती तिथेच आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतीसंपदा ग्रंथबद्ध केली. त्यातले वर्णन आजही झाडाशेजारी उभे राहून शब्दागणिक पडताळता येते, चुकले असेल तर दाखवून देता येते. नव्या प्रजातीचे वर्णन लॅटिनमध्येच हवे, ही १९३५ पासूनची अट २०१२ पासून उठली आणि इंग्रजीही चालू लागली. वर्णन किंवा भेददर्शक लक्षणे देण्याची अट मात्र कायम राहिली. भाषा बदलली तरी लक्षणे शब्दांत सांगणे चुकले नाही.

म्हणून सिद्धान्त असा: परिभाषेतला प्रत्येक नेमका शब्द हा झाडाला विचारायचा एक प्रश्न आहे. बगलेत कळी आहे का? बुडाशी उपपर्णे आहेत का? ही रंगीत पाकळी आहे की छद, म्हणजे फुलाखालचे पान? फोन नाव देऊन थांबतो; हे प्रश्न माणसाला त्या नावाची शहानिशा करायला लावतात. घोकंपट्टी जरूर बंद करावी. आधी मुलांच्या हातात आवळ्याची आणि चिंचेची डहाळी द्यावी, फरक त्यांचा त्यांना शोधू द्यावा आणि मग त्या फरकाला शब्द द्यावा. असा मिळालेला शब्द पाठ करावा लागत नाही, आणि तो ज्याच्याजवळ आहे त्याला फोनने चुकीचे नाव सांगितले तर ते चूक आहे हे ओळखता येते.