वेडा कोण, राघू की आपण?

पाखरांना नावं ठेवावीत ती मराठीनं! हळदीच्या रंगाचा तो हळद्या. भांड्यावर हातोडी पडल्यासारखा ‘टुक टुक’ करत राहणारा तो तांबट. पानं शिवून घरटं करणारा शिंपी. रंग, आवाज, उद्योग. एका शब्दात पक्षी डोळ्यांपुढे उभा राहतो.

पण ‘वेडा राघू’पाशी ही नजर चुकली. विजेच्या तारेवर बसणारा हा चिमणीएवढा हिरवा पक्षी. राघू म्हणजे पोपट. पण या पक्ष्याचा पोपटाच्या कुळाशी संबंध नाही, फक्त रंग तेवढा जुळतो. पोपटाची चोच आकड्यासारखी, याची लांब, बारीक आणि किंचित बाकदार. पोपट फळं-दाणे खातो, हा उडते किडे. तारेवरून झेपावतो, गिरकी घेत माशी टिपतो आणि बहुधा त्याच जागी परततो. या येरझाऱ्यांमुळेच बिचारा वेडा ठरला असावा. प्रत्यक्षात मधमाशी पकडली, की तिला फांदीवर आपटून, घासून नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. याला वेड म्हणायचं, तर शहाणपण कशाला म्हणणार?

याच्या शास्त्रीय नावातला ‘मेरॉप्स’ हा ग्रीक शब्द मधमाशी खाणाऱ्या याच पक्षिकुळाचा. आपणही हळद्या, खंड्या यांच्या चालीवर याला ‘झेप्या’ म्हणू या. जुनं नाव कोशात राहू दे; पण मुलांना पक्षी दाखवताना वेडाचा शिक्का तेवढा पुसू या.