कुंडलिकेला उन्हाळ्यात पाणी कुठून येतं?

एप्रिल महिन्यात पेणहून रोह्याकडे गेलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. आमच्या भोगावतीत वरच्या अंगाला नुसते गोटे पडलेले असतात आणि डोंगरवाडीतल्या बायका झऱ्यातून वाटीवाटीनं हंडा भरतात. तिकडे कोलाडच्या पुलाखालून मात्र कुंडलिका वाहत असते. दोन्हीकडे पाऊस तसाच पडतो आणि डोंगरही तोच, सह्याद्रीचा. मग भोगावती आटते आणि कुंडलिका आटत नाही, हे कसं?

रोह्याच्या बाजूच्या बऱ्याच जणी म्हणतात, "आमची नदी बारमाहीच आहे." ते खरं आहे, पण पहिल्यापासूनचं नाही. कोकणातल्या इतर नद्यांसारखीच कुंडलिकाही पूर्वी पावसाळ्यात दुथडी भरायची आणि होळीनंतर रोडावायची. ती बारमाही झाली त्याला येत्या २०२७ साली शंभर वर्षं होतील. आणि ती बारमाही झाली ती मुंबईमुळे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून आणायचा, धूर शहरात सोडायचा, असा तो कारभार. जमशेटजी टाटांच्या डोक्यात आलं, की सह्याद्रीच्या माथ्यावर एवढा पाऊस पडतो, तो अडवून खाली कोकणात सोडला तर त्या जोरावर वीज तयार होईल. जमशेटजी वारले, पण त्यांच्या मागे ती योजना पुरी झाली. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं. मुंबईच्या गिरण्या, ट्रामा आणि पुढे लोकल गाड्या या विजेवर चालू लागल्या.

भिऱ्याला पाणी येतं ते घाटावरच्या मुळशी धरणातून. मुळशीचं पाणी मूळचं पूर्वेला जाणारं. मुळा नदी पुण्याला मुठेला मिळते, पुढे ते पाणी भीमेत जातं, आणि भीमा म्हणजेच पंढरपूरची चंद्रभागा. धरण बांधून यातलं पाणी उलटं वळवलं, डोंगरातून बोगदा काढला आणि मोठाल्या नळांतून ते दीड हजार फुटांहून जास्त खाली भिऱ्याला सोडलं. वीज काढली म्हणून पाणी संपत नाही. ते चाक फिरवतं आणि पुढे निघून जातं. भिऱ्याला ते कुंडलिकेत गेलं. थोडक्यात, चंद्रभागेला जायचं पाणी आपल्या अंगणात आलं, तेही मुंबईचं काम उरकून.

हे फुकट झालं नाही. मुळशीच्या खोऱ्यात पन्नासेक गावांच्या जमिनींवर हे संकट आलं. ती भाताची जमीन होती, मावळातल्या लोकांची. त्यांना न विचारताच शेतात चर खणायला सुरुवात झाली होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी कामाच्या जागी जाऊन सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. धरणाविरुद्ध एवढा संघटित लढा जगात त्याआधी झाला नव्हता, असं अभ्यासक म्हणतात. बायका आणि मुलंसुद्धा तुरुंगात गेली. पण जमिनीच्या मालकांमध्ये पुण्याचे सावकार होते, त्यांना चांगला मोबदला मिळाला तर पुरे होतं. कसणाऱ्या कुळांना जमीनच हवी होती. तिथे फूट पडली. १९२४ मध्ये धरणाच्या कामाची आगगाडी अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. तीन वर्षांनी भिऱ्याचं चाक फिरलं.

मला यातली एक गोष्ट नेहमी खटकते. रोह्याच्या शाळेत मुळशीचा सत्याग्रह शिकवला तर तो पुणे जिल्ह्याचा इतिहास म्हणून शिकवतात. ज्यांची गावं बुडाली त्यांचं पाणी आपण पितो, हे मुलांना कुणी सांगत नाही.

रोह्याला या पाण्यानं काय दिलं, तेही बघू. भिऱ्याच्या खाली डोलवहाल इथे बंधारा बांधून त्या पाण्याचे कालवे काढले. त्यामुळे रोहा आणि माणगाव तालुक्यांतल्या कितीतरी शेतांत पावसाळी भातानंतर उन्हाळी भात होऊ लागला, कलिंगडं होऊ लागली, भाजी होऊ लागली. ज्या घरात दुसरं पीक येतं त्या घरातल्या बाईला वीटभट्टीवर जावं लागत नाही, एवढं सांगितलं तरी तुम्हाला कळेल. पेणच्या डोंगरपट्ट्यातल्या बायकांना आणि कालव्यावरच्या बायकांना एकत्र बसवलं की हा फरक लगेच दिसतो. बचतीचा हप्तासुद्धा कालव्यावरच्या गटात वेळेवर येतो!

अलीकडे कोलाडला शहरातली माणसं रबरी होड्यांतून नदीत उतरायला येतात. त्या होड्या सकाळीच का निघतात, माहीत आहे? वरून पाणी सुटल्याशिवाय होडी चालत नाही. शहरात विजेची गरज वाढते तेव्हा भिऱ्याचं पाणी जास्त सुटतं, गरज कमी झाली की कमी. आता तर तिथे उरलेल्या विजेवर पाणी पुन्हा वर चढवायचीही सोय आहे. आपल्याकडे भरती-ओहोटी समुद्राची असते. कुंडलिकेला वरून दुसरी भरती-ओहोटी आहे, ती मुंबईच्या दिव्या-पंख्यांची.

बारमाही पाण्यामागून कारखाने आले. सत्तरच्या दशकात रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत झाली आणि तिथे मुख्यतः रासायनिक कारखाने आले. रसायनाच्या कारखान्याला वर्षभर पाणी घ्यायलाही लागतं आणि सोडायलाही. शेकडो घरांत पगार आला, हे नाकारून चालणार नाही. पण नदी जशी खाली गेली तशी तिची दशा बदलत गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यात महाराष्ट्रातले ५३ पट्टे आहेत आणि कुंडलिका त्यांत आहे. रोह्यापासून साळाव-रेवदंड्यापर्यंत खाडीकाठच्या बायका पूर्वी ओहोटीला कालवं, खुबे, चिंबोऱ्या काढायच्या. घरचं कालवण सुटून चार पैसे हातात यायचे. त्या कमाईची नोंद कुठल्याच वहीत नव्हती, म्हणून ती गेली तेव्हा नुकसानभरपाईच्या यादीतही आली नाही. पुरुषाच्या होडीची नोंद असते, बाईच्या टोपलीची नसते.

खोपोलीचं पाणी पाताळगंगेत उतरलं आणि तिकडेही हेच घडलं. रसायनी हे नावच सगळं सांगतं. खारपाड्याच्या पुलावरून जाताना खाली दिसते ती हीच पाताळगंगा.

आता हा सगळा जुना इतिहास मी आज का सांगते आहे? घाटावर दुष्काळ पडला की सोलापूर-मराठवाड्याकडून मागणी होते, टाटांच्या धरणांचं पाणी पुन्हा पूर्वेला सोडा. सरकारनं त्यावर अभ्यासगटही नेमला होता. पुणे शहर वाढतं आहे, त्यालाही मुळशीचं पाणी हवं आहे. या मागण्या चुकीच्या आहेत असं मी म्हणणार नाही. पाणी मूळचं त्यांचंच, आणि तहान सगळ्यांना सारखी. पण या चर्चेत मुंबईची वीज असते, पुण्याचे नळ असतात, सोलापूरचं शेत असतं. डोलवहालच्या कालव्यावर भात लावणारी बाई त्यात कुठे दिसत नाही. कागदावर कुंडलिकेचं उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे वीज काढून उरलेलं पाणी आहे. वरचं चाक थांबलं तर खालच्या पिकाचं काय, हे आपणच विचारायला हवं.

पेणमध्ये असं विचारून झालेलं आहे. आमच्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईला सिडकोच्या वसाहतींना जातं आणि वाशी-शिर्कीच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायच्या ठरल्या तेव्हा याच धरणाचा कागद कामाला आला. पेणमधली २२ गावं हेटवण्याच्या लाभक्षेत्रात होती, म्हणजे त्यांना धरणाचं पाणी द्यायचं सरकारनं कबूल केलं होतं. पाण्याखाली येणारी जमीन सेझला का द्यायची, असा प्रश्न प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी लावून धरला. २१ सप्टेंबर २००८ ला त्या गावांत सरकारला मतदान घ्यावं लागलं. बहुसंख्य शेतकऱ्यांनी नकार दिला आणि तो सेझ इथे उभा राहिला नाही. कालव्याचं पाणी अजून सगळीकडे पोचलेलं नाही, ती तक्रार वेगळी. पण लाभक्षेत्राच्या यादीत नाव होतं म्हणून बोलता आलं.

म्हणून रोहा-माणगावच्या गटांना माझं एक सांगणं आहे. डोलवहालच्या कालव्यांच्या लाभक्षेत्रात आपलं गाव आहे का, असेल तर किती क्षेत्र लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात किती भिजतं, हे पाटबंधारे खात्याच्या कार्यालयातून लेखी मागून घ्या. १ मेच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवा. खाडीकाठच्या गटांनी दुसरी यादी करावी: कोणत्या घरची बाई कुठल्या जागी कालवं काढायची, कुठल्या साली बंद केलं. म्हाताऱ्या आजींना विचारा, त्यांना जागा आणि साल दोन्ही बरोबर आठवतं.