वत्सगुल्माचा ताम्रपट आणि एक डेम्लो संख्या

वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. येथे १९३९ साली मिळालेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट संस्कृत व प्राकृत यांच्या मिश्रणामुळे भाषाभ्यासकांना परिचित आहे. त्यातील कालनिर्देशाकडे मात्र तितके लक्ष जात नाही. चौथ्या शतकातील या लेखात राज्यवर्ष ३७ अंकचिन्हांनी दिले आहे. पण ३ व ७ हे अंक तेथे नाहीत. प्रथम ३० चे स्वतंत्र चिन्ह, मग ७ चे. या पद्धतीत दशक-शतकांना निराळी चिन्हे असत. स्थानावरून मूल्य ठरत नसे आणि शून्याचे प्रयोजनही नव्हते.

या भेदाचे महत्त्व एका मोठ्या संख्येवरून कळते. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी काही संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. ज्या रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली त्याचे हे नाव. तेच आजचे डोंबिवली. १, १२१, १२३२१ या क्रमातील नववी संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ होय. ती १११११११११ चा वर्ग आहे. गुणाकार मांडला असता एकेक घर सरकलेल्या नऊ ओळींत सर्वत्र १ येतो. स्तंभांच्या बेरजा ९ पर्यंत चढतात व उतरतात, हातचा कोठेच येत नाही. दहा एकांचा वर्ग करताच मध्ये हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर मिळून मालिका मोडते.

अशा शोधांना कित्येक गणितज्ञांनी करमणूक मानले. त्यांचा आक्षेप निराधार नाही. संख्येचे वर्ग असणे, ३, ३७ व ३३३६६७ हेच तिचे मूळ अवयव असणे (ताम्रपटातील ३७ येथे यावा हा निव्वळ योगायोग!), हे गुण कोणत्याही लेखनात टिकतात. दोन्हीकडून सारखी वाचली जाणे हा गुण मात्र लेखनाचा आहे. वत्सगुल्माच्या लेखकाने १२१ लिहिले असते तर १००, २० व १ अशी तीन भिन्न चिन्हे उमटली असती. सममिती दिसलीच नसती. परंतु म्हणूनच हा गुण इतिहासाच्या कक्षेत येतो: तो दिसू लागण्यास दशमान स्थानपद्धती रूढ व्हावी लागली.

बाराव्या शतकातील ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाननामे दिली आहेत. प्रस्तुत संख्या त्यांपैकी सतरा व्यापते: शिखरावरचा ९ अर्बुदस्थानी, आरंभीचा १ मध्यस्थानी. रूढ मराठीत कोटीच्या पुढील ही नावे मागे पडली असून ती संख्या एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लक्ष सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस अशी उच्चारावी लागते. डोळ्यांना दिसणारी सममिती कानांना ऐकू येत नाही.